शुगरच्या गोळीसोबत शुगरचे डबे: काय चालते, काय एकमेकांत अडकते

हे परीक्षण एका डब्याचे नाही, एकाच घरात एकाच वेळी उघडल्या जाणाऱ्या चार-पाच डब्यांचे आहे. पणजीतल्या एखाद्या मोठ्या फार्मसीच्या काउंटरवर बर्बेरिन, दालचिनीच्या कॅप्सूल, क्रोमियम, अल्फा लिपोइक ॲसिड आणि कारले-जांभळाचा रस शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. गुडमारची पूड, सप्तरंगीचे तुकडे आणि बिबळ्याच्या लाकडाचा पेला बाजारातून येतो, उरलेले पुण्या-मुंबईहून कुरियरने. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत अधिक. दुकानदाराला गिऱ्हाईक शोधत जावे लागत नाही.

यातला जवळजवळ प्रत्येक डबा एकट्याने घेतला तर बराचसा निरुपद्रवी असतो, आणि काहींचा थोडा उपयोगही होतो. घोटाळा होतो तो बेरजेत. एकच घटक तीन नावांनी पोटात जातो, त्यावर डॉक्टरांची गोळी असते, आणि ही बेरीज कोणी करत नाही. डॉक्टरांना डबे माहीत नसतात, डबेवाल्याला गोळी माहीत नसते.

म्हणून सुरुवात डब्यापासून न करता डॉक्टरांच्या गोळीपासून करायची. 'मी फक्त मेटफॉर्मिन घेतो' असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांच्या पट्टीवर नावापुढे 'एम १', 'एम २' किंवा 'एमव्ही २' असे काहीतरी असते. बहुतेक कंपन्यांच्या नावांत हा आकडा ग्लिमेपिराइडच्या मिलिग्रॅमचा असतो, 'एम' मेटफॉर्मिनचा आणि 'व्ही' व्होग्लिबोजचा. प्रत्येक कंपनीची अक्षरे थोडी वेगळी असतात, त्यामुळे पट्टी उलटी करून बारीक अक्षरातली घटकांची ओळ वाचणे हाच खात्रीचा मार्ग. फरक मोठा आहे. नुसते मेटफॉर्मिन साखर सहसा धोक्याच्या खाली उतरवत नाही. ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवला असा वा नसा. इन्सुलिनची सुई घेणाऱ्यांचेही तेच. या दोन गटांत तुम्ही असाल तर पुढचा मजकूर सावकाश वाचा. पट्टीवर फक्त मेटफॉर्मिन, किंवा त्याच्या जोडीला सिटाग्लिप्टिन किंवा टेनेलिग्लिप्टिन असेल तर साखर एकदम पडण्याची भीती बरीच कमी, बाकीच्या अडचणी मात्र त्याच.

आता बर्बेरिन. या सगळ्यांत खरोखर काम करणारे बहुधा हेच, आणि सर्वांत जास्त गुंता करणारेही हेच. दारूहळदीच्या मुळातले हे पिवळे, कडू द्रव्य. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील एका चाचणीत नव्याने निदान झालेल्या ३६ जणांना तीन महिने बर्बेरिन किंवा मेटफॉर्मिन देऊन पाहिले. बर्बेरिनची मात्रा ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ९.५ च्या आसपासून ७.५ वर आले, म्हणजे मेटफॉर्मिनच्या बरोबरीने. चाचणी लहान होती, रुग्ण नवे होते आणि साखर मुळात खूप चढलेली होती, हे विसरून समाजमाध्यमांवर त्याचे 'निसर्गातले ओझेम्पिक' झाले. साखर आणि वजन उतरवणाऱ्या त्या इंजेक्शनशी, म्हणजे ओझेम्पिकशी, त्याचा काही संबंध नाही. कामाची पद्धत मेटफॉर्मिनच्या जवळची आहे, म्हणून दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचे पोट आधी तक्रार करते: मळमळ, मुरडा, कोणाला जुलाब तर कोणाला बद्धकोष्ठ. त्याच चिनी अहवालात सुमारे तिसऱ्या हिश्श्याला पोटाचा तात्पुरता त्रास झाला होता. मात्रा जेवणासोबत घेतली आणि पहिले दोन आठवडे ५०० मिलिग्रॅम एकदाच ठेवली तर त्रास पुष्कळ आटोक्यात राहतो.

पोटाचा त्रास निदान कळतो तरी. जो कळत नाही तो यकृतातला. यकृतातली काही विकरे (एन्झाइम्स) औषधांचा निचरा करतात. निरोगी माणसांना दोन आठवडे ३०० मिलिग्रॅम बर्बेरिन दिवसातून तीनदा दिल्यावर त्यांतल्या तीन विकरांचे काम मंदावल्याचे २०१२ च्या एका अभ्यासात दिसले. ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड यांचा निचरा प्रामुख्याने त्यांतल्याच एकाकडून होतो. म्हणजे बर्बेरिन स्वतः साखर उतरवते, आणि वर ग्लिमेपिराइड रक्तात जास्त वेळ टिकण्याची शक्यताही निर्माण करते. गोळी २ मिलिग्रॅमचीच असते, पण शरीराला ती मोठी वाटू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा निचराही त्याच वाटेने होतो, तिथे धोका रक्तस्रावाचा. कोलेस्टेरॉलसाठी ॲटॉरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांचे औषध दुसऱ्या विकरावर अवलंबून असते. स्नायू दुखू लागले किंवा लघवी गडद झाली तर 'वयोमानाने होते' म्हणून सोडून देऊ नका. नाडी मंदावणारे मेटोप्रोलॉल तिसऱ्यावर. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्यांनी या डब्याला हातच लावू नये, कारण नवे मूत्रपिंड टिकवणाऱ्या सायक्लोस्पोरिनची पातळी त्याने वाढते. गरोदर असलेल्या किंवा बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईनेही नाही. नवजात बाळाच्या रक्तातले बिलिरुबिन त्याने मोकळे होते आणि कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. पाळी अनियमित करणाऱ्या पीसीओएससाठी इनॉसिटॉल आणि बर्बेरिन एकत्र घेणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे हमखास राहून जाते. ज्या उपचाराने पाळी नियमित होते त्यानेच दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि डबा मात्र चालूच राहतो.

बर्बेरिनला एकट्याने, कुठलीही रोजची गोळी नसलेल्या माणसासाठी पाचपैकी साडेतीन. 'एम २' च्या जोडीला, डॉक्टरांना न सांगता, शून्य.

एकाच घटकाच्या अनेक नावांचा प्रकार पाहण्यासाठी बीजीआर-३४ घ्या. लखनौच्या दोन सरकारी प्रयोगशाळांनी बनवलेल्या या गोळीत दारूहळद, गुडमार, मेथी, विजयसार, मंजिष्ठा आणि गुळवेल आहे. आयुष-८२ या दुसऱ्या तयार औषधात कारल्याचे बी, जांभळाचे बी, आंब्याची कोय, गुडमार आणि शिलाजित. दोन्हींचे घटक उघड छापलेले आहेत, लपवाछपवी काही नाही. पण जो माणूस बीजीआर घेतो, त्यावर बर्बेरिनची कॅप्सूल घेतो, सकाळी मेथीचे पाणी पितो आणि संध्याकाळी बिबळ्याच्या पेल्यातले पाणी, तो स्वतःच्या समजुतीप्रमाणे चार उपाय करत असतो. प्रत्यक्षात दारूहळद दोनदा, मेथी दोनदा आणि विजयसार दोनदा होते, कारण विजयसार म्हणजेच बिबळा. वर कोविडपासून राहिलेली गुळवेलीची सवय असेल तर गुळवेलही दोनदा. गुळवेलीमुळे यकृताला सूज आल्याच्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, तरीही आधीपासून थायरॉइड किंवा तत्सम स्वप्रतिकारक आजार असलेल्याने ती दुहेरी घेण्याचे कारण दिसत नाही.

सप्तरंगीचे आणखी वेगळे. या नावाखाली बाजारात निदान दोन भिन्न वनस्पतींची मुळे-लाकडे येतात, आणि वाळलेला तुकडा पाहून कुठली ती ओळखणे दुकानदारालाही जमत नाही. त्यातली सॅलेशिया जातीची जी आहे ती आतड्यात पिष्ट आणि साखर फोडणारी विकरे अडवते, म्हणजे व्होग्लिबोज किंवा अकार्बोज जे करते तेच. दोन्ही एकत्र घेतली की न पचलेला भात मोठ्या आतड्यात आंबतो. पोट ढोलासारखे होते, आणि शीत-हुमण जेवणाऱ्या घरात त्याचा दोष बिचाऱ्या माशावर जातो. पोटापेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र दुसरीच आहे. साखर घसरली आणि घरच्यांनी चहाची साखर पाण्यात घालून दिली, तर तीही न फुटता तशीच पुढे सरकते आणि रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज, अकार्बोज किंवा सॅलेशिया घेणाऱ्याच्या घरात ग्लुकोज पावडरचा डबा असलाच पाहिजे, कारण ग्लुकोजला फोडावे लागत नाही. पट्टीवरच्या त्या 'व्ही' अक्षराची खरी किंमत इथे कळते.

गुडमारच्या बाबतीतही असाच एक बारकावा. पाला चघळला किंवा पूड जिभेवर ठेवली की गोड चव काही वेळ, अर्धा-पाऊण तास, लागतच नाही. गुडमार हे नावच त्यावरून. अशा वेळी साखर घसरली तर रुग्ण ग्लुकोजचे पाणी 'फिके आहे, मातीसारखे लागते' म्हणून थुंकतो. चव लागली नाही तरी ग्लुकोज काम करते. पाजायचे. चवीचा हा परिणाम टाळायचा तर कॅप्सूल बरी.

साखर घसरली म्हणजे किती? ७० च्या खाली गेली की उपाय करायचा, ५४ च्या खाली गेली की धोक्याची घंटा. घाम, हात थरथरणे, धडधड, अचानक भूक, चिडचिड, बोलणे अडखळणे. उच्च रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेणाऱ्यांत थरथर आणि धडधड दबून जातात. घाम मात्र येतो, त्यावर लक्ष ठेवा. १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे तीन भरलेले चमचे, अर्ध्या पेल्या पाण्यात. १५ मिनिटे थांबा, पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढेच. वर आली की पोय, पेज किंवा दोन बिस्किटे असे काहीतरी खायला द्या. बेबिंका, दोदोल किंवा चॉकलेट देऊन भागत नाही. त्यातले तूप आणि नारळाचा रस साखरेला पोटात अडकवून ठेवतात आणि ती उशिरा पोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, १०८ ला फोन करायचा. आणि ग्लिमेपिराइडमुळे साखर पडली असेल तर एकदा वर आली म्हणून निश्चिंत होऊ नका. पुढचे २४ तास ती पुन्हा पुन्हा घसरू शकते. शुद्ध हरपली असेल, किंवा वय जास्त, मूत्रपिंड अधू असेल, तर रात्र रुग्णालयात काढलेली बरी.

ज्या दिवशी हे घडते तो दिवस सहसा साधा नसतो. एकादशी असते, श्रावणी सोमवार असतो, किंवा चवथीच्या आदल्या दिवसाचा हरितालिकेचा कडक उपवास. गोळी सवयीने घेतली जाते, डबेही, जेवण मात्र नसते. उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइडचे काय करायचे ते डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा. डब्यांपुरते उत्तर सोपे आहे, त्या दिवशी एकही नको. दुसरा प्रसंग मार्च ते मेचा, उर्राकाच्या हंगामातला. मद्य यकृताला नवी साखर तयार करू देत नाही. रिकाम्या पोटी दुपारी दोन पेले उर्राक, वर ग्लिमेपिराइड, वर बर्बेरिन. झोप लागते आणि शेजारच्यांना वाटते की चढली आहे. तोंडाला वास असल्याने साखर पडल्याची शंकासुद्धा कोणाला येत नाही. फेणीचेही हेच. पिणार असाल तर जेवणासोबत प्या आणि त्या दिवशी डबे बंद ठेवा. तिसरा प्रकार उत्साहाचा. एकाच सोमवारपासून भात अर्धा, मिरामारला तासभर चालणे आणि तीन नवे डबे. तिन्ही चांगल्या गोष्टी, पण गोळी तेवढीच राहिली तर आठवड्यात साखर ६० वर दिसू शकते.

रसांबद्दल आमचे मत सर्वांत वाईट. कारल्याचा साखरेवर परिणाम होतो यात वाद नाही. १९७९ मध्येच ब्रिटनमध्ये क्लोरप्रोपामाइड ही मधुमेहाची जुनी गोळी घेणाऱ्या एका बाईची साखर कारल्याच्या भाजीमुळे जास्त उतरल्याचे वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. अडचण आहे मोजमापाची. बाटलीवर '३० मिली, दिवसातून दोनदा' असे असते, पण त्या ३० मिलीत कारल्याचे नेमके काय आणि किती, ते नसते. कारल्याच्या बियांतल्या एका द्रव्याने जी-६-पीडी या तांबड्या पेशी जपणाऱ्या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून बियांसकट वाटलेला रस त्यांना वर्ज्य. लहान मुलांना तर देऊच नये. त्याहून घातक म्हणजे कारले-दुधी असा मिश्र रस. दुधी कधीकधी कडू निघतो, त्यातली कुकुर्बिटॅसिने विषारी असतात आणि त्यावर उतारा नाही. साध्या दुधीचा कडूपणा जीभ लगेच ओळखते आणि आपण टाकून देतो. कारल्यात मिसळल्यावर कडू कोण ते कळायचे कसे? २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा मिश्र रस प्यायल्यावर मृत्यू झाला, आणि त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट सांगितले: दुधीचा तुकडा आधी चाखा, कडू लागला तर टाका, दुधीचा रस इतर कशात मिसळू नका. पोटात कळ, उलटी किंवा जुलाब सुरू झाले तर तडक रुग्णालयात. कारले आवडत असेल तर भाजी करा. बाटलीला पाचपैकी एक, तोही फक्त एकट्या कारल्याच्या किंवा जांभळाच्या बाटलीला.

दालचिनीचा हिशेब आकड्यांनी करता येतो. स्वयंपाकात येते ती बहुधा जाड सालीची कॅसिया. तिच्यात कुमारिन असते, जे जास्त झाले तर काहींच्या यकृताला झेपत नाही. युरोपीय मर्यादा दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम. जर्मन तज्ज्ञांच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला रोज सुमारे २ ग्रॅम कॅसिया इथवर चालते. आता समजा, कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची, दिवसातून दोन: १ ग्रॅम. सकाळच्या काढ्यात चहाचा एक चमचा पूड: अडीच ग्रॅम. झाले साडेतीन. शाकुतीतला तुकडा यात धरलेलाच नाही, आणि धरायची गरजही नाही. चवीपुरत्या मसाल्याने काही होत नाही. सिलोनी दालचिनीत कुमारिन नगण्य असते. तिची कांडी विडीच्या पानासारख्या पातळ पदरांची असते आणि बोटांनी चुरते, कॅसियाची एकाच जाड सालीची आणि कडक. पूड झाल्यावर मात्र दोन्ही सारख्याच, म्हणून लेबलवर 'सिलोन' शब्द नसेल तर कॅसियाच समजा. साखरेवरचा तिचा परिणाम चाचण्यांमध्ये कधी दिसतो, कधी नाही. दोन तारे.

क्रोमियम: पैसे वाचवा. ज्यांच्या आहारात कमतरता नाही त्यांना उपयोग झाल्याचा भक्कम पुरावा नाही. ते मल्टिव्हिटॅमिनमध्ये, 'डायबेटिक' प्रोटीन पावडरमध्ये आणि अनेक बर्बेरिनच्या कॅप्सूलमध्येही आधीच घातलेले असते, तेव्हा वेगळी बाटली तर नकोच. दिवसाला १२०० ते २४०० मायक्रोग्रॅम ४-५ महिने घेणाऱ्या एका महिलेची मूत्रपिंडे निकामी झाल्याची नोंद १९९८ ची आहे. थायरॉइडच्या गोळीचे शोषणही त्याने घटते.

अल्फा लिपोइक ॲसिडकडे जरा थांबू, कारण ते अनेकांना मागच्या दाराने मिळतच असते. पायांना मुंग्या येतात म्हणून डॉक्टर जी 'नसांची कॅप्सूल' देतात, तिच्यात मिथाइलकोबालामिनसोबत हे बऱ्याचदा असते. त्यावर ऑनलाइन मागवलेली ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल म्हणजे पुन्हा दुप्पट. साखर उतरवण्याची त्याची ताकद बेताची, पण एक दुर्मीळ आणि चमत्कारिक प्रकार त्याच्या नावावर आहे. काही लोकांत ते स्वतःच्याच इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार करवते. ती इन्सुलिन धरून ठेवतात आणि अवेळी सोडतात. मग मधुमेहाचे एकही औषध न घेणाऱ्याची साखर जेवणानंतर काही तासांनी किंवा पहाटे कोसळते. जपानमधून याच्या अनेक नोंदी आहेत, आणि २०२१ मध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आनुवंशिक कल असलेल्यांना हा धोका असल्याचे मान्य केले. 'मला तर मधुमेहच नाही, मी वजनासाठी घेतो' म्हणणाऱ्याला पहाटे घाम फुटत असेल तर हा डबा आधी बंद करून डॉक्टरांना दाखवावा. नसांच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी दिले असेल तर तीन तारे, जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी.

मेथी आणि इसबगोल हे या यादीतले गरीब आणि गुणी. मेथीदाणे ५ ते १० ग्रॅम रात्री भिजवून सकाळी चावून खाल्ले तर जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते. तंतूंचा चिकट गोळा होतो आणि पिष्ट हळूहळू सुटते. तोच गोळा औषधेही धरून ठेवतो. सकाळी रिकाम्या पोटी थायरॉइडची गोळी आणि लगेच मेथीचे पाणी, ही गोव्यातल्या घराघरातली जोडी चुकीची आहे. गोळी आधी, मेथी, इसबगोल आणि क्रोमियम चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या सुमाराला. इतर औषधांपासून दोन तास पुरेत. वॉरफेरिन चालू असेल तर मेथीचा नवा प्रयोग आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी) तपासल्याशिवाय नको. शेंगदाणा किंवा चण्याची ॲलर्जी असलेल्यांना मेथीही बाधू शकते. चार तारे, आणि फार्मसीत जायचीही गरज नाही.

सफरचंदाच्या व्हिनेगरावर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. पंधरा मिली, पेलाभर पाण्यात, जेवणासोबत. नुसते प्यायले तर दातांचे आवरण झिजते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांसोबत रोज जास्त घेतले तर पोटॅशियम उतरू शकते. त्याच्या गमीजमध्ये बऱ्याचदा साखर असते, तेव्हा हसावे की रडावे कळत नाही.

आणखी एका जोडीबद्दल मात्र तपशीलाने, कारण ती नवी आहे. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. या गोळ्यांसोबत कीटो आहार, 'कीटोन' पावडरी किंवा लांबलचक उपवास केला तर रक्तात आम्ले साठतात, आणि साखर मात्र फार चढलेली नसते. ग्लुकोमीटर १८० दाखवतो, घरचे निर्धास्त राहतात. मळमळ, सततची उलटी, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास ही लक्षणे दिसली तर आकडा कितीही असो, रुग्णालयात जाऊन कीटोन तपासून घ्या. ताप, जुलाब असेल किंवा जेवण जात नसेल त्या दिवसांत ही गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलेले बरे.

लेबल वाचताना तीन ठिकाणी फसगत होते. पहिले, 'प्रति सर्व्हिंग' म्हणजे एक कॅप्सूल नव्हे. कधी दोन, कधी तीन. दुसरे, क्षार आणि मूळ द्रव्य. क्रोमियम पिकोलिनेटमध्ये क्रोमियम साधारण १२ टक्केच असते, म्हणून '२०० मायक्रोग्रॅम' हा आकडा कशाचा ते पाहावे. तिसरे, 'दारूहळद अर्क ५०० मिलिग्रॅम' आणि 'बर्बेरिन हायड्रोक्लोराइड ५०० मिलिग्रॅम' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात बर्बेरिन किती टक्के ते लिहिलेले नसेल तर मात्रा ठरवताच येत नाही. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून सात नावे आणि एकच एकूण वजन दिलेला डबा परत ठेवावा. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरकावर १४ अंकी परवाना क्रमांक आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' ही इंग्रजी सूचना असते, आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवान्याचा क्रमांक. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. 'मुळापासून बरा' लिहिणारा कायदा मोडूनच तुमच्याशी बोलत असतो.

बिनलेबलच्या पुडीला आम्ही तारेच देत नाही. ज्या पुडीने तीन-चार दिवसांत साखर २५० वरून ११० वर आणली, ती चमत्कारी नसून तिच्यात ग्लिबेनक्लामाइड हे ग्लिमेपिराइडच्याच जातीचे औषध कुटून घातल्याची शक्यता जास्त. अशी भेसळ काल्पनिक नाही. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेले १५० जण साखर कोसळून रुग्णालयात गेले, चौघे दगावले. त्यांतल्या अनेकांनी घेतलेल्या कामोत्तेजक गोळ्यांत हेच औषध सापडले. वनस्पतीचा परिणाम आठवड्यांनी दिसतो, तोही बेताचा. संशय आला तर पुडी फेकू नका. बांबोळीला अन्न व औषध प्रशासन संचालनालयात तक्रार करता येते. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर होते.

पावसाळ्याचे म्हणून थोडेसे. जूनपासून वनस्पतींच्या अर्काच्या कॅप्सूल ओलावा ओढतात, एकमेकींना चिकटतात. मोठी बाटली घेऊ नका, आतली सिलिकाची पुडी काढू नका, फ्रिजच्या दारात ठेवू नका. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचेही तसेच. डबीचे झाकण उघडे राहिले की पट्ट्या दमट होतात आणि चुकीचा आकडा देतात. शंका आली तर हात साबणाने धुऊन, कोरडे करून, नव्या डबीतल्या पट्टीने पुन्हा मोजा.

इतके वाचूनही एखादा डबा सुरू करायचाच असेल, तर पद्धत अशी. डॉक्टरांना सांगा आणि घरातल्या सगळ्या पट्ट्या, डबे, पुड्या एका कागदावर उतरवा: घटक, मिलिग्रॅम, वेळ. क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि एचबीए१सी आधी करून घ्या. तीन दिवस उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर लिहा. मग एकच डबा, लेबलवरच्या अर्ध्या मात्रेने. पहिले दोन आठवडे रोज दोनदा मोजा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर रात्री झोपण्यापूर्वीही. झोपतानाचा आकडा १०० च्या खाली येऊ लागला तर डॉक्टरांना फोन, गोळी कमी करायची की डबा बंद हे त्यांनी ठरवायचे. चार आठवडे उलटल्याशिवाय दुसरा डबा उघडायचा नाही, नाहीतर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कधीच कळणार नाही. तीन महिन्यांनी रक्ताच्या त्याच तपासण्या पुन्हा. एचबीए१सी हलले नसेल तर तो डबा बंद. 'निदान वाईट तर होत नाही ना' या कारणाने चालू ठेवू नका. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे सगळे डबे थांबवावेत आणि भूलतज्ज्ञाला यादी दाखवावी, मोतीबिंदू असला तरी.

तो कागद फ्रिजवर चिकटवून ठेवा. रात्री-अपरात्री रुग्णाला गोमेकॉला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, न्यायची वेळ आली तर कागद काढा आणि सगळे डबे, अर्ध्या पट्ट्या आणि रिकामी पुडीसुद्धा एका पिशवीत भरून सोबत न्या. 'काहीतरी आयुर्वेदिक घेतात' एवढ्यावर तिथल्या डॉक्टरला ग्लुकोजची सलाईन किती तास चालू ठेवायची ते ठरवता येत नाही.